गुण तुझे, ओटीपी कुणाचा?

बारावीचे आणि सीईटीचे निकाल लागले की आपल्याकडे सत्काराचे दिवस सुरू होतात. शादीखान्यात किंवा उर्दू शाळेच्या हॉलमध्ये स्टेज लागतं. गुणवंतांना शाल आणि ट्रॉफी मिळते, पाहुण्यांची भाषणं होतात, दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात फोटो येतो. यात वाईट काहीच नाही. आपल्या मुलामुलींचं कौतुक आपण नाही करायचं तर कुणी करायचं? पण जरा तारखा बघा. ज्या आठवड्यांत हे सत्कार होतात, त्याच आठवड्यांत प्रवेशाची नोंदणी चालू असते, कागदपत्रं तपासली जात असतात आणि एकेक मुदत संपत असते. स्टेजवर उभ्या असलेल्या मुलीला किती पर्सेंटाईल मिळाले हे अख्ख्या हॉलला माहीत असतं. तिने पुढचा अर्ज भरला का, हे विचारणारा त्या हॉलमध्ये बहुतेक वेळा एकही नसतो.

मला या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. परीक्षेत गुण मिळवणं हे एक काम आहे आणि ते गुण मुदतीच्या आत विद्यापीठापर्यंत पोहोचवणं हे दुसरं काम आहे. पहिल्या कामासाठी आपण आता जिवाचं रान करतो. पोटाला चिमटा काढून लातूरच्या क्लासची फी भरतो, मुलीला हॉस्टेलवर ठेवायची तयारी दाखवतो. दुसऱ्या कामाला मात्र अजून आपण काम मानतच नाही. ते आपण ऑनलाइन सेंटरवाल्यावर, पुण्यातल्या भावावर आणि नशिबावर सोडून दिलं आहे. दोन वर्षांची मेहनत मग एखाद्या दाखल्याच्या तारखेवर किंवा चुकीच्या फोनवर गेलेल्या मेसेजवर अडकते.

गुण आपोआप कुठेच जात नाहीत

बऱ्याच घरांत असा समज असतो की सीईटी दिली, निकाल लागला, आता कॉलेजवाले बोलावतील. तसं होत नाही. एमएचटी-सीईटीची नोंदणी वेगळी आणि प्रवेशाची नोंदणी वेगळी. निकालानंतर राज्याच्या सीईटी कक्षाकडे 'कॅप' म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी नव्याने अर्ज करावा लागतो. त्यात कागदपत्रं अपलोड करायची, ती तपासून घ्यायची, तात्पुरत्या गुणवत्ता यादीत आपलं नाव आणि प्रवर्ग बरोबर आहे का ते बघायचं, चूक असेल तर दिलेल्या दोन-तीन दिवसांत हरकत घ्यायची, मग अंतिम यादी, मग कॉलेजांचे पर्याय भरायचे. जागा मिळाली की ती स्वीकारायची आणि कॉलेजात हजर व्हायचं. यातली प्रत्येक पायरी वेगळ्या तारखेला बंद होते.

पर्याय भरण्याचेही नियम आहेत. २०२५ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागत होता. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन पर्यायांना लागू होतं आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. ज्याने कॉलेजांची नावं घाईत, सेंटरवाल्याच्या सांगण्यावरून खालीवर टाकली, त्याला नको असलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत गळ्यात पडू शकतं.

नीटचं गणित आणखी वेगळं. सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी दिल्लीच्या एमसीसीकडे नोंदणी करायची आणि राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाकडे. नीटचे गुण चांगले आहेत म्हणून राज्याच्या यादीत आपोआप नाव येत नाही. २०२२ पासून धाराशिवमध्येच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण ढोकीच्या मुलीला तिथली राज्य कोट्यातली जागा हवी असेल तर राज्याचा अर्ज भरावाच लागतो.

जेईई मेनचे गुण घेऊन एनआयटीत जायचं असेल तर 'जोसा'ची नोंदणी वेगळी. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी आली, तिथे तर सर्वात जास्त घोळ होतो. सीयूईटीच्या अर्जात विद्यापीठाचं नाव निवडलं म्हणजे त्या विद्यापीठाला अर्ज केला असं नाही. दिल्ली विद्यापीठाची स्वतःची नोंदणी आहे. जामिया मिल्लियात काही अभ्यासक्रमांना सीयूईटीचे गुण चालतात, पण जामियाचा अर्जही वेगळा भरावा लागतो. जामियात शिकायचं स्वप्न मराठवाड्यातली कितीतरी मुलं बघतात. त्या स्वप्नाला दोन अर्ज लागतात, हे त्यांना कुणीतरी वेळेत सांगायला हवं.

परदेशात जाणाऱ्यांचं तर गुण पाठवणं हेच वेगळं काम असतं. जीआरईच्या दिवशी चार विद्यापीठांना गुण मोफत पाठवता येतात, नंतर दर विद्यापीठामागे पैसे पडतात. जीआरईचे गुण पाच वर्षं चालतात, टोफेलचे दोनच वर्षं. प्रत्येक विद्यापीठाला दोन प्रश्न विचारून घ्यावे लागतात. मुदत गुण पाठवण्याची आहे की पोहोचण्याची? आणि ती कोणत्या घड्याळाप्रमाणे? न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात रात्रीचे ११:५९ होतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९ वाजलेले असतात.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून एक साधी गोष्ट सांगतो. अर्ज घेणाऱ्या सिस्टिमला तुमची मेहनत दिसत नाही, तुमची परिस्थिती दिसत नाही. तिला फक्त दोन गोष्टी दिसतात: काय पोहोचलं आणि किती वाजता पोहोचलं. घड्याळही तिचंच, सर्व्हरचं. शेवटच्या तासात हजारो मुलं एकदम लॉगिन करतात तेव्हा पेमेंट अडकतं, ओटीपी उशिरा येतो, पान उघडत नाही. शेवटच्या दिवशी अर्ज भरायला बसणं म्हणजे एसटी सुटताना घरून निघणं.

अर्जावर नंबर कुणाचा?

माझं गाव ढोकी. धाराशिव तालुक्यातलं, तेरणा साखर कारखान्याचं गाव म्हणून लोक ओळखतात. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांचे वडील कुणी ड्रायव्हर, कुणाचं गॅरेज, कुणी आठवडी बाजारात फळं विकतो. मुलं हुशार आहेत आणि मुलींचं शिकणं आता कुणाला नवल वाटत नाही. दाखल्यासाठी धाराशिवला तहसीलमध्ये जायचं, क्लाससाठी लातूरला, आणि अर्ज भरायला गावातल्या किंवा शहरातल्या ऑनलाइन सेंटरवर.

माझ्या नात्यातली एक मुलगी. सीईटीत चांगले पर्सेंटाईल मिळाले, प्रवेशाचा अर्जही वेळेत भरला. म्हणजे सेंटरवाल्याने भरला. मोबाईल नंबर त्याचा, ईमेल त्यानेच तयार केलेला, पासवर्ड त्याच्या वहीत. तपासणीत तिच्या एका दाखल्यावर शेरा पडला आणि दुरुस्तीसाठी मुदत दिली गेली. तो मेसेज सेंटरवाल्याच्या फोनवर गेला. त्याच्या फोनवर रोज असे कितीतरी मेसेज येत असणार, त्यातलाच हा एक. मुलीला कळलं ते अंतिम यादीत तिचं नाव खुल्या प्रवर्गात दिसलं तेव्हा. सेंटरवाल्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. फॉर्म भरायचे त्याने पैसे घेतले आणि फॉर्म भरून दिला. महिनाभर तिच्या भवितव्याची राखण करायचं काम त्याचं नव्हतंच.

दुसरा प्रकार भावाच्या नंबरचा. भाईजान पुण्यात कंपनीत कामाला आहे, शिकलेला आहे, म्हणून त्याचाच नंबर दिला जातो. पण शिफ्टमध्ये त्याचा फोन लॉकरमध्ये असतो आणि ओटीपी काही मिनिटांचाच असतो. इकडे मुलगी सेंटरवर बसून फोन लावते, तिकडे रिंग वाजत राहते.

हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण तो तेवढाच नाही. ज्याच्या फोनवर ओटीपी येतो, अर्जाची चावी त्याच्या हातात असते. कोणतं कॉलेज वर टाकायचं, जागा स्वीकारायची की नाही, हे तोच ठरवू शकतो. मुलीला न विचारता तिच्या पर्यायांत फक्त जवळची कॉलेजं टाकली जातात, तीही प्रेमापोटी. हॉस्टेलची भीती वाटते, लोक काय म्हणतील याची भीती वाटते. मुलींच्या शिक्षणाला आपला विरोध नाही असं आपण अभिमानाने सांगतो. मग तिचे गुण तिचे आहेत, तर तिच्या अर्जाचा पासवर्ड तिच्याकडे का नको?

यावर तोडगा अवघड नाही. अठरा पूर्ण झालेली मुलगी स्वतःच्या नावावर सिम घेऊ शकते. बारावीच्या पुष्कळ मुली सतराच्या असतात, त्यांच्यासाठी अम्मीच्या नावावरचं सिम चालेल. अट एवढीच, की तो फोन प्रवेशाच्या महिन्यांत घरात, मुलीच्या हाताशी असावा. ईमेल तिने स्वतः उघडावा. सेंटरवर जावं, टायपिंग करून घ्यावं, स्कॅनिंग करून घ्यावं, पण नंबर आणि पासवर्ड आपला ठेवावा.

एका नावाची चार स्पेलिंगं

आपल्या समाजाला एक अडचण जरा जास्त येते, ती नावांची. 'शेख'चं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एस-एच-ए-आय-के-एच, दुसऱ्यावर एस-एच-ई-आय-के-एच, तिसऱ्यावर एस-एच-ई-के-एच. एका ठिकाणी 'मोहम्मद', दुसरीकडे नुसतं 'मो.'. आधार कार्डावर मुलीच्या नावापुढे 'बी' किंवा 'बेगम' लागलेलं, शाळेत ते नाही. काही घरांत आडनाव आधी, काही घरांत शेवटी, आणि काही घरांत आडनाव लावायची पद्धतच नाही, मग फॉर्ममधला तो रकाना कुणीतरी मनाने भरतो. घरात याने काही बिघडत नाही. पण नाव जुळवणाऱ्या सिस्टिमला ही चार वेगळी माणसं वाटतात.

बहुतेक परीक्षांच्या अर्जांत दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव प्रमाण मानतात. म्हणून नाव तपासायची खरी वेळ बारावीनंतरची नाही. ती नववी-दहावीतली आहे, बोर्डाकडे नाव जाण्याआधीची. तेव्हा शाळेतून दुरुस्ती होऊ शकते. नंतर राजपत्रात नावबदल छापून आणण्यापर्यंत वेळ येते. दहावीचं नाव पक्कं झालं की आधार, बँकेचं खातं आणि पुढे पासपोर्ट, सगळं त्या एका स्पेलिंगवर आणायचं. उर्दू शाळांच्या शिक्षकांनी नववीच्या वर्गात एक तास या कामासाठी दिला तरी पुढची कितीतरी धावपळ वाचेल.

दाखले: आधी हक्क, मग तारीख

२०१४ साली मुस्लिमांना शिक्षणात आणि नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण देणारा अध्यादेश निघाला. त्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातल्या आरक्षणाला दिली नाही. तरी पुढे कायदा झाला नाही आणि अध्यादेश संपून गेला. त्याबद्दलची नाराजी रास्त आहे आणि ती मागणी करत राहायला हवी. पण जे हक्क आज कागदावर आहेत, ते तरी आपण वेळेत वापरतो का?

बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन, मुलाणी, शिकलगार अशा मुस्लिम समूहांना राज्यात ओबीसीच्या सवलती मिळतात. त्या सहज मिळालेल्या नाहीत. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसी चळवळ उभी केली, अभिनेते दिलीपकुमार तिच्या सभांना गेले, आणि १९९४ च्या शासन निर्णयाने रस्ता मोकळा झाला. पण आजही पुष्कळ घरांत शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात फक्त 'मुस्लिम' लिहिलेलं असतं. ओबीसी प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांचा कागद. आपला जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्या काळातल्या पुष्कळ नोंदी उर्दूत आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा या उर्दू आणि मोडी दप्तरांचं मोल सगळ्या महाराष्ट्राला कळलं. आपल्यात उर्दू वाचता येणारी माणसं घरोघरी आहेत. शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये आजोबांची नोंद शोधायला त्यांनी मदत केली तर ते मोठं काम होईल. जातवैधतेचा अर्ज अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत करता येतो. निकालाची वाट बघत बसलं की उशीर झालाच.

ज्यांचा समूह कोणत्याही आरक्षित यादीत नाही, त्यांच्यासाठी २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आलेला ईडब्ल्यूएसचा १० टक्के कोटा आहे. शेख, सय्यद, पठाण घरांतल्या मुलांनाही उत्पन्नाच्या आणि मालमत्तेच्या अटी पूर्ण केल्या तर तो मिळतो. अजूनही काही लोकांना तो 'आपला' वाटत नाही. तो धर्मावर नाही, परिस्थितीवर आहे, आणि अटीत बसणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

मुलींसाठी आणखी एक मोठी गोष्ट आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. मुदत चुकली आणि मुलीने थेट कॉलेजात जाऊन मॅनेजमेंटची जागा घेतली की ही सवलत हातची जाते. म्हणजे एका चुकलेल्या तारखेची किंमत चार वर्षांच्या फीइतकी असू शकते. 'परवडत नाही' म्हणून मुलीला बीएला घालण्याचे काही निर्णय खरं तर इथे होतात.

दाखल्यांवरच्या तारखाही नीट बघाव्या लागतात. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या वर्षानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र त्या त्या आर्थिक वर्षाचं असतं, फेब्रुवारीत काढलेलं जूनमध्ये चालत नाही. म्हणून एप्रिलचा पहिला आठवडा हा तहसीलचा आठवडा धरावा. अर्ज केल्याची पावती नोंदणीच्या वेळी चालली तरी मूळ प्रमाणपत्र दिलेल्या तारखेपर्यंत आलं नाही की विद्यार्थी खुल्या प्रवर्गात ढकलला जातो. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी, कुणाच्या स्टेटसवर विसंबू नये.

मग व्यवस्थेचं काय?

कुणी म्हणेल, हे सगळं तुम्ही गरिबाच्याच डोक्यावर का टाकता? सतरा वर्षांच्या मुलीने सरकारनेच दिलेले कागद गोळा करून परत सरकारलाच का दाखवायचे? हा प्रश्न बरोबर आहे आणि तो विचारायलाच हवा.

२०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदारी मजुराच्या दलित मुलाला आयआयटी धनबादमध्ये जागा मिळाली. जागा पक्की करायला १७,५०० रुपये भरायचे होते, मुदत २४ जूनला संध्याकाळी पाचची. पैसे गोळा होईपर्यंत मुदत काही मिनिटांनी हुकली आणि जागा गेली. तो आयोगाकडे गेला, दोन उच्च न्यायालयांत गेला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात. ३० सप्टेंबरला न्यायालयाने घटनेच्या कलम १४२ खालचे विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला सांगितलं. त्याआधी २०२१ मध्ये आयआयटी मुंबईची जागा मिळालेल्या, पण कार्डाने पैसे भरले न गेल्यामुळे ती गमावलेल्या एका दलित विद्यार्थ्यालाही सर्वोच्च न्यायालयानेच न्याय दिला होता.

या निकालांतून दोन गोष्टी कळतात. एक, मुदत ही देवाची रेघ नाही. ती माणसांनी आखलेली आहे आणि गरिबीमुळे ती चुकली तर माणसांना ती सैल करता येते. दुसरी, त्यासाठी कुणाला दिल्लीपर्यंत जावं लागलं, हीच व्यवस्थेची हार आहे. प्रत्येक गावातल्या प्रत्येक मुलीसाठी कलम १४२ धावून येणार नाही.

म्हणून सरकारकडे मागण्या हव्यातच, आणि त्या नेमक्या हव्यात. अर्जात दोन मोबाईल नंबर घ्या आणि त्रुटीचा मेसेज दोन्हीकडे मराठीत पाठवा. जी प्रमाणपत्रं शासनाच्याच संगणकात आहेत ती विद्यार्थ्याकडून पुन्हा मागू नका. दाखला सरकारी कार्यालयात अडकला असेल तर त्याची शिक्षा मुलाला नको. पेमेंट बँकेतून गेलं पण पावती निघाली नाही, अशांना ठरावीक जादा वेळ द्या. प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक तालुक्याला एक मोफत मदत केंद्र ठेवा, तिथे एक तरी महिला कर्मचारी असू द्या. दाखल्यांच्या उशिराबाबत तर हत्यार आपल्या हातात आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत देणं बंधनकारक आहे, नाही दिली तर अपील करता येतं. आपण सेतूमध्ये 'साहेब, बघा ना जरा' म्हणत उभे राहतो. त्याऐवजी अर्जाची पोच घ्यावी, दिवस मोजावेत आणि दिवस संपले की अपील टाकावं.

भेदभाव आहे, तो मी नाकारत नाही. घर भाड्याने घेताना, नोकरीच्या मुलाखतीत त्याचा अनुभव आपल्यातल्या अनेकांना येतो. पण कॅपची गुणवत्ता यादी गुणांनी आणि प्रवर्गाने लागते. तिथे आपलं नाव खाली जातं किंवा गायबच होतं, तेव्हा प्रत्येक वेळी कारण भेदभाव नसतं. कित्येकदा अर्ज अपुरा असतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या तर भेदभावाविरुद्धची आपली लढाईही जास्त धारदार होईल.

ढोकीसारख्या गावात काय करता येईल?

यासाठी मोठी संस्था लागत नाही, इमारत लागत नाही. लागते एक वही आणि दोन जबाबदार माणसं. त्यातली एक बाई असावी, कारण मुली तिच्याशी मोकळेपणाने बोलतील आणि तिला घरात जाऊन अम्मीशी बोलता येईल.

सप्टेंबरपर्यंत त्या वहीत मोहल्ल्यातल्या दहावी, अकरावी, बारावीच्या सगळ्या मुलामुलींची नावं लिहा. समोर तीन रकाने: नावाचं स्पेलिंग जुळतं का, प्रवर्ग कोणता, कोणता दाखला बाकी आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ज्यांचे दाखले बाकी आहेत त्यांना एकत्र तहसीलला न्या. एकटी मुलगी खिडकीवर उभी राहते तेव्हा तिला 'उद्या या' म्हणणं सोपं असतं. दहा जणी कागद घेऊन गेल्या की काम होतं.

निकालानंतर सत्कार जरूर करा, पण हॉलमध्ये एक टेबल मांडा. त्यावर दोन लॅपटॉप, एक स्कॅनर, नेटची सोय. भाषणं दोन कमी करा. शाल घेतलेल्या प्रत्येकाने जाण्याआधी त्या टेबलावर बसून आपल्या अर्जाची स्थिती दाखवायची. वहीतल्या प्रत्येक मुदतीच्या दोन दिवस आधी फोन करा. जुम्म्याला मशिदीत एलान केलात तर चांगलंच, पण तो बहुतेक पुरुषांपर्यंतच पोहोचतो हे लक्षात ठेवा. मुलींसाठी शाळा, शिवणक्लास आणि बचत गट यांच्यामार्फत निरोप गेला पाहिजे.

जकात आणि इमदादीतून गरजू मुलांची फी भरायची चांगली रीत आपल्याकडे आहे. ती चालू राहावी. पण इथे पैशापेक्षा वेळ जास्त लागतो. पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत आयटीत काम करणारे आपले कितीतरी तरुण ईदला गावी येतात, मुलांना 'मन लावून शिका' असं सांगतात आणि परत जातात. त्यांनी जून ते ऑगस्ट दर रविवारी दोन तास व्हिडिओ कॉलवर द्यावेत. पाच मुलं वाटून घ्यावीत. फॉर्म मुलीनेच भरायचा, आपण पलीकडून बघायचं. तिचा पासवर्ड मागायचा नाही. तिचे पर्याय तिला समजावून सांगायचे, पण ठरवायचं तिने. एकदा जिने स्वतःचा अर्ज स्वतः भरला, ती पुढच्या वर्षी शेजारच्या तिघींचा भरून घेईल. पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज, नोकरीचा अर्ज, घरच्यांचं रेशन कार्ड, पेन्शनचा कागद, यापैकी कशासाठीही तिला कुणाची मनधरणी करावी लागणार नाही. नागरिक म्हणून उभं राहणं म्हणतात ते इथूनच सुरू होतं.

या वर्षी तुमच्या गावात गुणवंतांचा सत्कार असेल आणि दोन शब्द बोलायला तुमच्या हातात माईक आला, तर मोठं भाषण करू नका. समोरच्या प्रत्येक मुलीला तीन प्रश्न विचारा. पुढचा अर्ज भरलास का? पुढची तारीख कोणती? आणि अर्जावर नंबर कुणाचा आहे? तिन्ही उत्तरं बरोबर आली की मग टाळ्या वाजवा.